सातबाऱ्यातला स्लॅश: प्रोग्रॅममध्ये फाइलचा पाथ कसा जोडावा

नाशिक जिल्ह्यातील द्राक्ष बागायतदारांची कागदपत्रे जपून ठेवणारा एक प्रोग्रॅम लिहायचा आहे, असे धरून चालू. प्रत्येक बागेचा सातबारा, आठ-अ, फवारणीच्या नोंदी आणि निर्यातीआधीचा रेसिड्यू (फवारलेल्या औषधांचे अवशेष) तपासणीचा अहवाल अशा फाइली त्यात ठेवायच्या आहेत, आणि त्या तालुका, गाव, गट क्रमांक व हंगाम या क्रमाने फोल्डरांत लावायच्या आहेत. म्हणजे प्रत्येक फाइलचा पाथ प्रोग्रॅमने स्वतः तयार करायचा आहे: आधी मूळ फोल्डर, मग निफाड, मग पिंपळगाव बसवंत, मग गट, मग २०२५-२६ आणि शेवटी फाइलचे नाव. हे काम पाच-सहा शब्द स्लॅशने सांधण्याइतके सोपे दिसते आणि पुष्कळ जण ते तसेच करतात. अधिक चिन्ह वापरून स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची सलग ओळ, तयार होते आणि आपल्या संगणकावर ती चालतेही. पुढे कोणीतरी फाइलच्या नावाच्या रकान्यात '७/१२' असे लिहितो, आणि मग '७' नावाच्या फोल्डरात '१२' नावाची फाइल शोधली जाते. तसा फोल्डर नसेल तर प्रोग्रॅम तिथेच थांबतो, आणि असेल तर सातबारा भलत्याच ठिकाणी जाऊन पडतो.

ऑपरेटिंग सिस्टिम पाथकडे घटकांची क्रमवार यादी म्हणून पाहते, आणि मधला स्लॅश म्हणजे एक घटक संपून दुसरा सुरू झाल्याची खूण, म्हणजेच विभाजक. आपणही प्रोग्रॅममध्ये शेवटच्या क्षणापर्यंत ती यादी यादी म्हणूनच सांभाळावी, प्रत्येक घटक जोडण्यापूर्वी तपासावा आणि जोडण्याचे काम भाषेसोबत आलेल्या लायब्ररीकडे (तयार फंक्शनांच्या संचाकडे) सोपवावे. उदाहरणे मी मुख्यतः पायथनची घेतली आहेत, कारण आपल्याकडच्या महाविद्यालयांत आणि लहान कंपन्यांत ती भाषा आता सर्वांना परिचित आहे. इतर भाषांचे वेगळेपण जिथे महत्त्वाचे आहे तिथे ते नोंदवले आहे.

विभाजक हाताने का लिहू नये

युनिक्स, लिनक्स आणि मॅकवर घटकांमध्ये स्लॅश येतो, तर विंडोजवर बॅकस्लॅश. हा फरक एमएस-डॉसपासून चालत आला आहे. १९८३ मध्ये डॉसच्या २.० आवृत्तीत फोल्डरमध्ये फोल्डर ठेवण्याची सोय आली, तेव्हा स्लॅश हे चिन्ह आज्ञांचे पर्याय लिहिण्यासाठी आधीच वापरात होते, म्हणून पाथसाठी बॅकस्लॅश घेतला गेला. विंडोज स्वतः आज बहुतेक ठिकाणी दोन्ही चिन्हे स्वीकारते, पण त्यावर चालणारे सगळेच प्रोग्रॅम स्वीकारत नाहीत, आणि विंडोजवर तयार झालेला बॅकस्लॅशचा पाथ लिनक्सच्या सर्व्हरवर नेला तर तिथे बॅकस्लॅश हे फाइलच्या नावातले एक साधे अक्षर ठरते.

नाशिककरांसाठी बॅकस्लॅशची आणखी एक अडचण आहे. बहुतेक भाषांत स्ट्रिंगमध्ये बॅकस्लॅशनंतर रोमन लिपीतले लहान 'एन' आले की त्याचा अर्थ नवी ओळ असा होतो आणि लहान 'टी' आले की टॅब. त्यामुळे फोल्डरांची नावे रोमन लहान अक्षरांत ठेवून कोणी बॅकस्लॅशसह हाताने पाथ लिहिला, तर नाशिक, निफाड आणि नांदगाव यांची सुरुवात नव्या ओळीने होते आणि त्र्यंबकच्या जागी टॅब व उरलेली अक्षरे येतात. पायथनमध्ये सिन्नर आणि कळवण मात्र चालतात. काही तालुके चालतात आणि काही चालत नाहीत, हे पाहून माणूस डेटाबेसमध्ये दोष शोधत बसतो. मोठ्या 'एन'ने नाशिक लिहिले तर पायथन प्रोग्रॅम सुरूच करत नाही, कारण बॅकस्लॅश आणि मोठे 'एन' यांच्यापुढे त्याला युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांची सामाईक यादी) यातील अक्षराचे नाव अपेक्षित असते. स्ट्रिंगच्या आधी 'आर' लावून हे टाळता येते, परंतु तशा स्ट्रिंगच्या शेवटी एकटा बॅकस्लॅश ठेवता येत नाही, त्यामुळे फोल्डरचा पाथ लिहिताना पुन्हा अडचण येते. विभाजक स्वतः लिहिलाच नाही तर यातले काहीही उद्भवत नाही.

जोडणी लायब्ररीकडून करून घ्यावी

पायथनमध्ये यासाठी जुने 'ओएस.पाथ.जॉइन' हे फंक्शन आहे आणि २०१४ मध्ये ३.४ आवृत्तीसोबत आलेले 'पाथलिब' हे मॉड्यूल आहे. नवे काम सुरू करत असाल तर पाथलिबच वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात पाथ हा स्वतंत्र प्रकारचा ऑब्जेक्ट असतो, त्यामुळे कोणत्या चलात पूर्ण पाथ आहे आणि कोणत्या चलात नुसते नाव आहे हे वाचणाऱ्याला कळते. आपली जोडणी अशी होईल:

पाथ = मूळ / तालुका / गाव / गट / हंगाम / फाइलनाव

पायथन ३ मध्ये चलांची नावे देवनागरीत देता येतात, त्यामुळे 'मूळ' हा पाथलिबचा पाथ असेल आणि बाकीची पाच चले स्ट्रिंग असतील, तर ही ओळ जशीच्या तशी चालते. इथला तिरका दंड म्हणजे पाथलिबने जोडणीसाठी योजलेला ऑपरेटर आहे. विंडोजवर तोच बॅकस्लॅश घालतो आणि लिनक्सवर स्लॅश.

जोडणीच्या फंक्शनचा एक नियम मात्र आधीच माहीत असायला हवा, कारण तो भाषेगणिक बदलतो. मधला एखादा घटक स्लॅशने सुरू होत असेल, म्हणजे तो स्वतःच मुळापासूनचा पाथ असेल, तर काय करायचे? पायथनमध्ये ओएस.पाथ.जॉइन आणि पाथलिब हे दोघेही आधीचे सगळे घटक टाकून देतात आणि तिथून नवी सुरुवात करतात. मूळ फोल्डर '/डेटा/बागा' असेल आणि तालुक्याच्या जागी चुकून '/निफाड' आले, तर हाती '/निफाड' एवढेच उरते, आणि कोणतीही चूक दाखवली जात नाही. जावामधील 'रिझॉल्व्ह', सी-शार्पमधील 'पाथ.कंबाइन' आणि रस्टमधील 'पुश' यांचे वागणेही असेच आहे. सी-शार्पमध्ये २०१८ साली डॉटनेट कोर २.१ सोबत 'पाथ.जॉइन' आले, ते आधीचे घटक टाकत नाही. गो भाषेतील 'फाइलपाथ.जॉइन' आणि नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) यामधील 'पाथ.जॉइन' हेही आधीचे घटक राखतात, पण नोडमध्येच 'पाथ.रिझॉल्व्ह' नावाचे दुसरे फंक्शन आहे, ते उजवीकडून डावीकडे वाचत जाते आणि मुळापासूनचा पाथ मिळताच थांबते. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत प्रोग्रॅम उतरवताना फंक्शनचे नाव सारखे दिसले म्हणून वागणेही सारखेच असेल असे मानणे धोक्याचे आहे. 'जॉइन' हे नाव पायथनमध्ये एक करते आणि नोडमध्ये दुसरेच.

रिकाम्या घटकाबाबतही सावध राहावे. गावाचे नाव भरायचे राहून गेले आणि त्या जागी रिकामी स्ट्रिंग आली, तर पाथलिब तो घटक गाळतो आणि गटाचा फोल्डर थेट तालुक्याच्या फोल्डरात तयार होतो. चूक दिसत नाही, फाइल मात्र हरवते. टेम्प्लेटमधून स्ट्रिंग बांधणाऱ्यांकडे तर मूल्य नसलेल्या चलाचे रूपच फोल्डरचे नाव बनते. 'नन' किंवा 'अनडिफाइन्ड' नावाचे फोल्डर सर्व्हरवर दिसले की त्यामागे बहुधा हेच कारण असते. लायब्ररीची जोडणी इथे उपयोगी पडते, कारण पायथन आणि नोड या दोन्हींत स्ट्रिंगऐवजी असे मूल्य दिले तर ती लगेच चूक दाखवते.

विंडोजवर ड्राइव्हचे अक्षर हा वेगळा प्रकार आहे. 'सी:' आणि 'डेटा' हे दोन घटक जोडले तर 'सी:डेटा' मिळते, आणि त्याचा अर्थ सी ड्राइव्हवर सध्या जो फोल्डर चालू आहे त्यातला 'डेटा' असा होतो. ड्राइव्हच्या मुळापासून पाथ हवा असेल तर पहिला घटक बॅकस्लॅशसह 'सी:\' असाच द्यावा.

घटकाची तपासणी

खरी मेहनत इथे आहे, आणि आपल्या भागातील नोंदींमुळे ती परदेशी मार्गदर्शिकांत असते त्याहून जास्त आहे. लायब्ररी घटक जोडते, पण दिलेली स्ट्रिंग हा एकच घटक आहे की त्यात दोन घटक दडलेले आहेत, हे तिला सांगता येत नाही. गट क्रमांक '११२/२/अ' असा असेल तर तिच्या दृष्टीने ते तीन फोल्डर आहेत. पोटहिश्शांचे गट क्रमांक, बिलांचे क्रमांक, '१२/०९/२०२५' अशा तारखा आणि खुद्द '७/१२' हा शब्द, या सगळ्यांत स्लॅश असतो आणि या सगळ्यांतून फोल्डरांची व फाइलींची नावे तयार करण्याचा मोह होतो.

स्लॅश नुसता काढून टाकू नये. '११/२२' आणि '११२/२' या दोन गटांतील स्लॅश काढले तर दोन्हींचे '११२२' होते आणि दोन शेतकऱ्यांची कागदपत्रे एका फोल्डरात मिसळतात. त्याऐवजी स्लॅशच्या जागी आडवी रेघ ठेवावी, म्हणजे '११-२२' आणि '११२-२' वेगळे राहतात. ज्या नोंदींत आडवी रेघ वेगळ्या अर्थाने येऊ शकते तिथे दुसरे चिन्ह ठरवावे. बदललेल्या नावावरून मूळ नाव निःसंदिग्धपणे ओळखता यायला हवे, एवढी एकच कसोटी त्याला लावावी. तारखा वर्ष-महिना-दिवस या क्रमाने आडव्या रेघा देऊन लिहिल्या तर स्लॅशही टळतो आणि फोल्डर आपोआप कालक्रमाने लागतात. युनिकोडमध्ये स्लॅशसारखी दिसणारी दुसरी चिन्हे आहेत, ती वापरून नाव 'तसेच दिसेल' असे करण्याचा मार्ग मात्र घेऊ नये, कारण शोधताना कोणीही ते चिन्ह टंकत नाही, आणि त्यांपैकी रुंद स्लॅश काही प्रकारच्या युनिकोड रूपांतरात पुन्हा खरा स्लॅश होतो.

युनिक्स कुळात नावामध्ये स्लॅश आणि शून्य बाइट एवढेच निषिद्ध आहे. विंडोजवर त्याखेरीज बॅकस्लॅश, अपूर्णविराम, तारा, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, उभा दंड आणि दोन्ही कोनी कंसही चालत नाहीत, आणि कॉन, ऑक्स, पीआरएन, नल अशी उपकरणांची काही रोमन नावे राखीव आहेत. प्रोग्रॅम आज लिनक्सवर असला तरी विंडोजचेच नियम पाळावेत, कारण फाइली कधीतरी झिप होऊन कार्यालयातल्या विंडोज संगणकावर उघडल्या जातातच.

पूर्णविरामाची बाब मला फार महत्त्वाची वाटते, कारण मराठीत आपण संक्षेपासाठी तो सढळपणे वापरतो. विंडोज नावाच्या शेवटचा पूर्णविराम आणि मोकळी जागा काढून टाकते, म्हणून 'पिंपळगाव ब.' या नावाचा फोल्डर तिथे 'पिंपळगाव ब' होतो आणि डेटाबेसमधील नावाशी जुळत नाही. त्याहून गंभीर प्रकार एक्स्टेन्शनचा आहे. पाथलिबमध्ये 'विथ-सफिक्स' नावाची सोय आहे, ती नावातील शेवटच्या पूर्णविरामापासून पुढचा भाग एक्स्टेन्शन समजून बदलते. नाव 'गट नं. ११२' असेल आणि त्याला या मार्गाने पीडीएफचे एक्स्टेन्शन दिले, तर '. ११२' हा भागच एक्स्टेन्शन ठरून पुसला जातो आणि 'गट नं.पीडीएफ' असे नाव उरते. गट ११३, ११४ आणि पुढचे सगळे गट याच नावावर येतात आणि प्रत्येक नवी फाइल आधीच्या फाइलवर लिहिली जाते. उपाय असा की, एका घटकाच्या आत जे घडते ते स्ट्रिंगचे काम समजावे: नाव आणि एक्स्टेन्शन साध्या स्ट्रिंग म्हणून एकत्र करावे, तो घटक पूर्ण करावा आणि मगच पाथमध्ये जोडावा. विथ-सफिक्स तिथेच वापरावे जिथे फाइलला आधीपासून खरे एक्स्टेन्शन आहे आणि ते बदलायचे आहे.

अंकांचेही एक रूप ठरवून घ्यावे. एका तलाठ्याच्या नोंदीत '११२' असते, दुसऱ्या ठिकाणी '112' असते, आणि फाइल सिस्टिमसाठी ही दोन सर्वस्वी वेगळी नावे आहेत. पायथनमधील पूर्णांकात रूपांतर करणारे फंक्शन देवनागरी अंक समजते आणि तिथल्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधील (अक्षरांचा नमुना शोधण्याच्या सूत्रातील) 'अंक' या खुणेतही देवनागरी अंक बसतात. जावास्क्रिप्टमध्ये तीच खूण फक्त शून्य ते नऊ हे रोमन लेखनातले अंक ओळखते. म्हणून पायथनमध्ये लिहिलेली तपासणी आणि ब्राउझरमधली तपासणी यांचे निकाल वेगळे येऊ शकतात. दहा अंकांचा तक्ता करून अक्षरागणिक बदल करणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे.

अक्षरांच्या बाबतीत 'शेतकऱ्यांची यादी' हे नाव उदाहरण म्हणून पुरेसे आहे. त्यातला 'ऱ्य' युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे लिहिला जातो. नुक्त्याचा 'ऱ' हे एकच अक्षर घेऊन त्याला हलन्त जोडता येतो. साधा 'र' आणि स्वतंत्र नुक्ता अशी दोन चिन्हे घेता येतात. किंवा साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचे जोडचिन्ह घेता येते. पडद्यावर ही सगळी रूपे सारखी दिसतात, पण लिनक्ससाठी ती वेगवेगळी नावे आहेत, त्यामुळे डोळ्यांना एकसारखे दिसणारे दोन फोल्डर शेजारी शेजारी उभे राहू शकतात. पहिल्या दोन रूपांचा मेळ युनिकोडच्या एनएफसी सामान्यीकरणाने, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपे एका ठरलेल्या रूपात आणण्याने, बसतो आणि पायथनच्या 'युनिकोडडेटा' मॉड्यूलमध्ये ते एका ओळीत होते. तिसरे रूप एनएफसीने बदलत नाही. 'र', हलन्त आणि जोडचिन्ह या क्रमाच्या जागी 'ऱ' आणि हलन्त घालण्याची ओळ स्वतंत्रपणे लिहावी लागते. घाईने सगळी जोडचिन्हे आधीच काढून टाकली, तर 'ऱ्य'चा 'र्य' होतो आणि शब्द बिघडतो, म्हणून रूपांतर आधी करावे आणि सफाई नंतर. निषिद्ध चिन्हांची तपासणीही सामान्यीकरण झाल्यावरच करावी.

लांबीची मर्यादा बाइटमध्ये मोजली जाते की अक्षरांत, हे देवनागरीसाठी निर्णायक ठरते. लिनक्सवरील ईएक्सटी४ या फाइल सिस्टिममध्ये एका घटकाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणजे जास्तीत जास्त ८५ चिन्हे. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हे मोजली जातात: 'त्र्यंबकेश्वर' डोळ्यांना पाच अक्षरांचे दिसते, पण त्यात १३ चिन्हे आहेत आणि ३९ बाइट लागतात. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टिमवर घटकाची मर्यादा २५५ यूटीएफ-१६ एककांची आहे आणि देवनागरी चिन्हाला एकच एकक लागते. तिथे अडचण संपूर्ण पाथच्या २६० या जुन्या मर्यादेची येते. विंडोज १० च्या १६०७ या आवृत्तीपासून ती मर्यादा उठवता येते, पण त्यासाठी सेटिंग बदलावी लागते आणि प्रोग्रॅमनेही तशी तयारी जाहीर करावी लागते. लांब शीर्षकावरून फाइलचे नाव करायचे असेल तर बाइट मोजून कापावे, आणि काप जोडाक्षराच्या मध्ये किंवा काना-मात्रेच्या आधी येणार नाही हे पाहावे.

इतके सगळे वाचल्यावर एक प्रश्न मनात यायला हवा: माणसांनी लिहिलेली नावे फोल्डरांना द्यावीतच का? शक्य असेल तिथे देऊ नयेत. एकट्या नाशिक शहराच्या आसपास पिंपळगाव बहुला आणि पिंपळगाव खांब आहेत, निफाड तालुक्यात पिंपळगाव बसवंत आहे, आणि लोक लिहिताना नुसते 'पिंपळगाव' लिहितात. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीमध्ये प्रत्येक गावाला स्वतंत्र सांकेतांक दिलेला आहे. तो सांकेतांक फोल्डरचे नाव म्हणून घ्यावा आणि मराठी नाव डेटाबेसमध्ये ठेवून पडद्यावर दाखवावे. शेतकरी किंवा गटसचिव फोल्डर उघडून स्वतः फाइली पाहणार असतील तर मात्र वाचता येतील अशीच नावे हवीत, आणि मग वरची सगळी तपासणी करावीच लागते.

मूळ फोल्डर

पाथची सुरुवात कुठून होते हे प्रोग्रॅमला ठामपणे माहीत असावे. नुसते 'डेटा' असे लिहिले तर त्याचा अर्थ प्रोग्रॅम ज्या फोल्डरातून सुरू केला त्यावर अवलंबून राहतो. संपादकातून चालवला तर एक, टर्मिनलमधून चालवला तर दुसरा, आणि क्रॉनने (ठरलेल्या वेळी आपोआप प्रोग्रॅम चालवणाऱ्या सोयीने) रात्री चालवला तर वापरकर्त्याचा घरचा फोल्डर. मूळ फोल्डर सेटिंगच्या फाइलमधून किंवा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घ्यावा, आणि सुरुवातीलाच एकदा तो मुळापासूनच्या पाथमध्ये बदलून घ्यावा. प्रोग्रॅमसोबत येणाऱ्या फाइलींसाठी, जसे अहवालाचे नमुने, प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फाइलचा पाथ घेऊन त्याच्या पालक फोल्डरपासून जोडणी करावी.

घरच्या फोल्डरसाठी वापरले जाणारे '~' हे चिन्ह शेल (टर्मिनलमधील आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम) उलगडते, जोडणीचे फंक्शन ते उलगडत नाही. ते तसेच दिले तर '~' याच नावाचा फोल्डर तयार होतो. असा फोल्डर टर्मिनलमधून पुसायला जाणे अत्यंत धोक्याचे आहे, कारण तिथे शेल त्या चिन्हाचा अर्थ संपूर्ण घरचा फोल्डर असा घेईल. पाथलिबमध्ये 'पाथ.होम' किंवा 'एक्स्पांडयूझर' वापरावे.

पाथ मूळ फोल्डरच्या बाहेर तर जात नाही ना

एखादा घटक वापरकर्त्याकडून येत असेल, तर त्यात दोन पूर्णविराम, म्हणजे 'एक पायरी वर' अशी खूण येऊ शकते. अशा काही खुणा एकापुढे एक लावून कोणीही प्रोग्रॅमला मूळ फोल्डरच्या बाहेरची फाइल वाचायला किंवा तिच्यावर लिहायला लावू शकतो. झिप फाइलमधील नावांतही हे घडते, आणि २०१८ मध्ये 'झिप स्लिप' या नावाने हा दोष अनेक लायब्ररींमध्ये दाखवून देण्यात आला. घटकात स्लॅश राहू दिला नाही आणि एक किंवा दोन पूर्णविरामांचे नाव नाकारले, तर बराचसा धोका तिथेच संपतो. तरीही जोडणीनंतर दुसरी तपासणी करावी.

ही दुसरी तपासणी पुष्कळ जण स्ट्रिंगच्या सुरुवातीची तुलना करून करतात, आणि ती चुकीची आहे. मूळ फोल्डर '/डेटा/नाशिक' असेल आणि तयार झालेला पाथ '/डेटा/नाशिकरोड/यादी' असेल, तर अक्षरांच्या तुलनेत हा पाथ '/डेटा/नाशिक' ने सुरू होतो, म्हणून तो आतला ठरतो. प्रत्यक्षात नाशिकरोड हा शेजारचा स्वतंत्र फोल्डर आहे. तुलना घटकागणिक व्हायला हवी. पायथनमध्ये ३.९ आवृत्तीपासून 'इज-रिलेटिव्ह-टू' ही सोय आहे आणि ती घटकांची तुलना करते. मात्र ती फक्त लिहिलेले घटक पाहते, म्हणून आधी दोन्ही पाथांवर 'रिझॉल्व्ह' चालवावे, ज्यामुळे वर जाण्याच्या खुणा आणि सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या जागेकडे नेणारी नोंद) दोन्ही उलगडतात. वर जाण्याची खूण नुसत्या अक्षरांवरून छाटणे भरवशाचे नाही, कारण मधला फोल्डर सिम्बॉलिक लिंक असेल तर 'एक पायरी वर' म्हणजे वेगळीच जागा असते. याच कारणाने पाथलिब जोडताना ती खूण छाटत नाही. गो भाषेत १.२० पासून 'इजलोकल' आणि १.२४ पासून 'ओएस.रूट' या सोयी आहेत, आणि दुसरीमध्ये ठरवलेल्या फोल्डरच्या बाहेर फाइल उघडताच येत नाही.

डेटाबेस, झिप आणि वेबचा पत्ता

डेटाबेसमध्ये संपूर्ण पाथ साठवू नये. मूळ फोल्डर वगळून उरलेला भाग स्लॅश घालून साठवावा. पाथलिबमधील 'ॲज-पॉझिक्स' विंडोजवरही स्लॅशच देते. उद्या डेटा दुसऱ्या डिस्कवर किंवा सर्व्हरवर नेला तर फक्त सेटिंगमधील मूळ फोल्डर बदलावा लागतो. झिपमधील नावांत विभाजक नेहमी स्लॅशच असायला हवा.

वेबचा पत्ता आणि क्लाउड साठवणुकीतील फाइलची चावी हे फाइल सिस्टिमचे पाथ नव्हेत, त्यामुळे ते ओएस.पाथ.जॉइनने बांधू नयेत. विंडोजवर त्यांत बॅकस्लॅश शिरतो. वेबच्या पत्त्यात प्रत्येक घटक आधी स्वतंत्रपणे टक्क्याच्या चिन्हांच्या रूपात बदलावा आणि मग स्लॅशने जोडावा. तिथे घटकातला स्लॅशही सांकेतिक रूपात नेता येतो, पण पायथनचे 'कोट' हे फंक्शन स्लॅशला सुरक्षित मानून तसाच सोडते, म्हणून सुरक्षित चिन्हांची यादी रिकामी द्यावी लागते.

चाचणी

पाथ बांधण्याचे काम एकाच फंक्शनमध्ये असावे आणि प्रोग्रॅममध्ये इतरत्र कुठेही जोडणी होऊ नये. मग चाचणी फक्त त्या एका जागेची करावी लागते. विंडोजचा संगणक जवळ नसला तरी पाथलिबमधील 'प्युअरविंडोजपाथ' आणि 'प्युअरपॉझिक्सपाथ' हे दोन वर्ग कोणत्याही संगणकावर चालतात, कारण ते डिस्कला हात न लावता फक्त नियम लावतात. नोडमध्ये 'पाथ.विन३२' आणि 'पाथ.पॉझिक्स' तेच काम करतात. चाचणीसाठी नमुने आपल्याच नोंदींतून घ्यावेत: '७/१२', '११२/२/अ', 'गट नं. ११२', 'पिंपळगाव ब.', तिन्ही रूपांतले 'शेतकऱ्यांची यादी', नुसती मोकळी जागा, रिकामी स्ट्रिंग, दोन पूर्णविराम, स्लॅशने सुरू होणारे नाव आणि शंभर चिन्हांहून लांब असे एखादे देवनागरी शीर्षक. प्रत्येकासाठी फंक्शनने एकतर एकच स्वच्छ घटक द्यावा किंवा कारण सांगून नकार द्यावा. तिसरा निकाल येता कामा नये. दोन वेगळ्या नोंदींचे उत्तर एकच येत नाही, हेही याच चाचणीत पाहावे.

फाइल प्रत्यक्ष लिहिताना आधी पालक फोल्डर 'मेकडिर'ने तयार करावा, त्याला वरचे न असलेले फोल्डरही तयार करण्याचा आणि फोल्डर आधीच असेल तर चूक न दाखवण्याचा असे दोन्ही पर्याय द्यावेत. फाइल मात्र 'एक्स' या प्रकाराने उघडावी, म्हणजे त्या नावाची फाइल आधीच असेल तर पायथन तिच्यावर न लिहिता चूक दाखवतो, आणि दोन बागांचे अहवाल एकाच नावावर आले तर ते त्याच वेळी कळते.